निंबाच्या गल्लीचं पाणी

१

निजामाच्या अमलातली गोष्ट. जालन्यात प्लेग येऊन गेला आणि त्याच्या मागोमाग सरकारी हुकूम आला: गावाचा जो भाग फार दाटीचा आणि कोंदट, तो पाडून तिथं रुंद रस्ता आणि धान्याचा नवा मोंढा करायचा. त्या पाडापाडीत निंबाची गल्ली गेली. गल्लीतली माणसं प्लेगाच्या भयानं आधीच घरं सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेली होती. त्यांतली बरीच तिथंच संपली. जी वाचली त्यांना स्टेशनापलीकडं जागा मिळाली. घरं पाडली, पाये उकरले, आणि ज्यांच्यावरून गल्लीला नाव पडलं ती निंबाची दोन जुनी झाडंही तोडली.

गिरिधर ओव्हरसियर बदलीवर आला तेव्हा तिथं नांगरून टाकल्यासारखं मोकळं मैदान होतं. पाडणारे पाडून गेले होते. त्याच्याकडं आलं ते काम पावसाच्या पाण्याचं. मोंढ्याची जागा खोलगट. दोन्ही बाजूंचा उतार तिच्यातच येई, आणि जोराचा पाऊस झाला की धान्याचे ओटे पाण्यात जातील हे कोणीही सांगितलं असतं. म्हणून मोंढ्याच्या पोटातून थेट कुंडलिका नदीपर्यंत बांधीव नाला काढायचं ठरलं. काळा दगड, चुन्याची जोडणी, वर कमान, आत माणूस वाकून चालेल एवढी उंची, आणि साफसफाईसाठी मधे मधे दगडी झाकणं. गिरिधरनं एकेक थर डोळ्यांसमोर बसवून घेतला. चैत्रात काम पुरं झालं.

कचेरीत जायच्या आधी नदीकडं उतरून नाल्याचं खालचं तोंड बघून यायचं, हा त्याचा रोजचा रिवाज झाला. बघण्यासारखं काही नसे. कोरडा दगड, एखादा सरडा, आतून येणारी चुन्याची गार हवा. पण एकाही पावसानं अजून नाल्याची परीक्षा घेतलेली नव्हती, आणि ज्याच्या हाताखालून काम गेलं त्याला ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. गावातल्या विहिरींचे तळ दिसायला लागले. आणि आषाढ संपता संपता एका सकाळी गिरिधरला नाल्याच्या तोंडाशी दगड ओला दिसला.

ओल नव्हती नुसती. बोटभर धार वाहत होती. तो खाली बसला आणि त्यानं धारेत हात घातला. पाणी कोमट होतं. कडेला पांढरा फेस धरला होता, आणि त्याला वास होता न्हाणीघराचा.

२

कोणा दुकानदारानं चोरून आपल्या न्हाणीची मोरी नाल्यात सोडली असणार, हा पहिला विचार. पण मोंढ्यात अजून दुकानं सुरूच झाली नव्हती. ओटे होते, पत्र्याची छपरं होती, राखणदार होता, आणि तो आंघोळीला नदीवर जाई. नाल्याच्या वाटेवर एकही घर नव्हतं.

त्यानं मुकादम रखमाजीला बरोबर घेतलं आणि वरून एकेक झाकण उघडायला लावलं. पहिलं झाकण उघडलं. आत कोरडं, कोळ्यांची जाळी. दुसरं उघडलं; तिथंही कोरडं. तिसऱ्या झाकणाखाली मात्र पाणी वाहत होतं. म्हणजे पाणी आत येत होतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या झाकणाच्या मधे कुठंतरी.

"इथं गल्ली होती ना?" गिरिधरनं विचारलं.

"बराबर हितंच," रखमाजी म्हणाला. "आपुन उभे हाव ते मास्तराचं अंगण."

बांधकामवाले लांब नाला तपासतात तसा गिरिधरनं आरसा मागवला आणि उन्हाचा झोत आत पाडला. भिंत शाबूत होती. सांधा कुठंही उघडा नव्हता. एका जागेपर्यंत तळ कोरडा, आणि तिथून पुढं ओला. पाणी भिंतीतून झिरपत नव्हतं, तळातून उमळत नव्हतं. जिथं सुरू होत होतं तिथं ते होतं, इतकंच.

तो आरसा जरा तिरका करणार, तोच आतून आवाज आला. दगडावर तांब्याचा हंडा टेकवला की होतो तसा. मग थोडं थांबून दुसरा.

रखमाजीनं गिरिधरच्या तोंडाकडं बघितलं. गिरिधरनं आरसा खाली घेतला.

"साहेब, झाकण ठिऊ का परत?" रखमाजी हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून रखमाजीनं आपली माणसं रस्त्याच्या कामावर नेली. गिरिधरनं मनाशी हिशेब मांडला: गल्लीत जुना आड असेल, तो बुजवताना पोकळी राहिली असेल, ऊन तापतं तसं जमिनीतलं पाणीही कोमट होणार. पटण्यासारखं होतं. फक्त गावातले सगळे आड आटलेले असताना हा एकटाच कसा जिवंत, आणि त्याला रोज सकाळीच उमाळा कसा येतो, एवढं त्याला सांगता येईना.

३

श्रावणात एक म्हातारी नाल्याच्या तोंडाशी येऊन बसायला लागली. सगुणाबाई तिचं नाव. निंबाच्या गल्लीतच तिचा जन्म गेला होता, आता स्टेशनापलीकडं राहायची. मांडीवर हात ठेवून ती धारेकडं बघत बसे.

"आजीबाई, इथं काय करून राह्यल्या?" गिरिधरनं एकदा विचारलं.

"बसू द्या साहेब. हितं बरं वाटतं."

"हे पाणी कुठून येतंय, काही माहीत आहे?"

"आमच्या गल्लीचं हाय. दुसऱ्या कोणाचं असंल?" तिनं बोट दाखवलं. "आज नागपंचमी. चुलीवर तवा ठिवत न्हाईत. म्हून पिठाच्या परातीचं पांढरं पाणी आज आलंच न्हाई. आन ते बघा, तांबूस आलं. ती मेंदी. सोनूबाईच्या पोरीला मेंदीचं लई याड."

खरोखरच एक तांबूस रेघ धारेबरोबर आली आणि वाळूत मुरली.

"ती मुलगी कुठं असते आता?"

"माळावर गेली ना ती. पहिल्याच आठवड्यात."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हंजे गेली. तिची मायबी गेली." सगुणाबाईच्या आवाजात दुःख नव्हतं. कोण कुठल्या गावाला गेलं हे सांगावं तसं ती सांगत होती. "तिथं झोपडीत कोणाचंच मन लागलं न्हाई साहेब. मंग घराकडंच येणार माणूस."

गिरिधर उठला. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. जाता जाता, म्हातारीला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "माझीही सासुरवाड याच गल्लीतली. जगन्नाथ मास्तरांची उमा माझी बायको."

सगुणाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि ती उभी राहिली. "उमाचे मालक तुम्ही? मंग सरकारी साहेब कशाचे, आमचे जावईबापू की."

ती हे बोलली आणि नाल्यातला आवाज थांबला. इतका वेळ आतून पाण्याचा, भांड्यांचा बारीक कुलकुलाट येत होता हे गिरिधरला तो थांबल्यावर कळलं. शेजारी कोणी नवं माणूस आलं की न्हाणीतल्या, अंगणातल्या बायका हातातलं काम तसंच धरून कान देतात ना, तसं काहीतरी आत झालं होतं.

मग पुन्हा हंडा टेकला. धार वाहायला लागली.

४

उमाला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतंच काय? तिचे आईवडील माळावर गेले तेव्हा ती अंबडला होती. वाटा बंद केल्या होत्या. कोणाला जालन्याकडं सोडत नव्हते. तिला निरोप पोचला तो सगळं उरकल्यावर. जालन्याला बदली झाली तेव्हा ती एकदा मोंढ्याच्या रस्त्यानं गेली आणि घरी येऊन म्हणाली, "मला आमचं दार कुठं होतं तेसुद्धा ओळखू आलं नाही." त्यानंतर तिनं तो रस्ता धरला नव्हता.

पुढं एके दिवशी तो जेवायला बसला आणि ती भाकरी वाढायला वाकली, ती तशीच थांबली.

"हात बघू तुमचा."

त्यानं हात पुढं केला. सकाळी त्यानं नाल्यातलं पाणी ओंजळीत घेऊन बघितलं होतं. घरी येऊन हात धुतले होते. तरी तिनं ते नाकाशी नेले आणि डोळे मिटले.

"गव्हलाकचरी," ती म्हणाली. "आई शिकेकाईत घालायची. फार घालायची, बाबा रागवायचे. कुठं गेल्तात तुम्ही?"

"कामावर. दुसरीकडं कुठं जाणार?"

ती पुन्हा भाकरी वाढायला लागली. पण त्या दिवसापासून तो घरी आला की ती आधी त्याचे हात बघे. तो नदीकडं उतरायचं टाळायला लागला, तर ती म्हणे, "आज गेला नाहीत का तिकडं?" तिकडं म्हणजे कुठं, हे दोघांपैकी कोणीच बोलत नसे.

महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या तेव्हा ती लुगड्यांच्या घड्या घालत बसली होती. चांगली ठेवणीतली लुगडी.

"अहो, सणाला मी माहेरी जाईन म्हणते."

गिरिधरच्या हातातला अडकित्ता थांबला. "माहेरी म्हणजे कुठं, उमा?"

"कुठं म्हणजे? माहेर काय कोणाला दोन असतात?" तिनं हसून त्याच्याकडं बघितलं. तोंडावर वेडसरपणाची एक रेघ नव्हती. "लगेच जात नाही हो. कोणी न्यायला आलं तर जाईन."

न्यायला येणार कोण? त्याला हायसं वाटलं. तिच्या मागं-पुढं कोणी उरलं नव्हतं, हेच त्याचं समाधान ठरलं.

५

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी दुपारी तो घरी आला तर दाराला कडी होती. शेजारच्या नंदाबाईनं ओट्यावरून सांगितलं, "तुमच्या सासरचं माणूस आल्तं न्यायला. म्हातारी होती एक. खण-नारळ घेऊन आल्ती. तुमच्या बाई लई खुशीत गेल्या."

तो तसाच नदीकडं गेला. पळायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण पाय ऐकेनात. नाल्याच्या तोंडाशी ओल्या गाळावर अनवाणी पावलं उमटली होती, दोन बायकांची. आत गेलेली.

कंदील आणायला तो मोंढ्यात गेला. राखणदारानं कशाला म्हणून विचारलं नाही. वाकून तो आत शिरला. हा नाला त्यानं बांधला होता. प्रत्येक दगड ओळखीचा. बाहेर ऊन तापलं होतं आणि आत गारवा हवा होता, तर आत ऊब होती. चूल पेटलेल्या घरात असते ती. बुटांवरून कोमट पाणी वाहत होतं. तिसरं झाकण डोक्यावरून गेलं. फटीतून उन्हाची चीर पडली होती, ती मागं राहिली.

पुढं उजेड दिसला. त्याला वाटलं, दुसरं झाकण कोणीतरी उघडं टाकलंय. पण उजेड वरून येत नव्हता, बाजूनं येत होता. उजव्या भिंतीत, जिथं त्यानं स्वतः ओळंबा लावून दगड बसवून घेतले होते, तिथं एक उंबरा होता. पायांनी झिजलेला. त्यावरून पाणी ओघळून नाल्यात येत होतं. उंबऱ्यापलीकडं दुपारचं ऊन पडलं होतं आणि उन्हात झाडाची सावली हलत होती.

"जावईबापू आले गं," एक बाई म्हणाली. "पाय धुवायला पाणी दे."

उंबऱ्यातून एक हात बाहेर आला. हातात भरलेला तांब्या. हिरव्या बांगड्या त्यानं ओळखल्या. श्रावणात त्यानंच भरवल्या होत्या.

"उमा, चल."

"अहो, आजच तर आले," तिचा आवाज आला. "महालक्ष्म्या उठल्या की येते. पाय धुवा ना. सगळे थांबलेत."

सगळे म्हणजे कोण, हे बघायला त्यानं कंदील वर केला नाही. खालीच धरला. उंबऱ्यापलीकडं जमिनीवर पावलं दिसली. उमाच्या पावलांमागं आणखी पावलं, त्यांच्या मागं आणखी. बायकांची, म्हाताऱ्यांची, एका मुलीची. तिच्या तळव्यांना मेंदी होती. सगळी त्याच्याकडं तोंड करून. एकही पाऊल हलत नव्हतं. आणि ऊन मागून पडत असूनही एकाचीही सावली पुढं आलेली नव्हती.

तांब्या तसाच पुढं धरलेला होता. पाय धुवून घेतले तर आत जावं लागेल, एवढंच त्याला कळत होतं. तो पाठमोरा न होता मागं सरकत गेला. खूप वेळ सरकत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला आठवलं, की तिचा हात धरून ओढायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

६

महालक्ष्म्या उठल्या. उमा आली नाही. तो रोज तोंडाशी जाऊन हाक मारी. आत भांडी घासल्याचा आवाज येई, हाकेला उत्तर येत नसे. पुन्हा आत जायचं त्यानं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा तिसऱ्या झाकणापाशी पोचून तो मागं फिरला. सगुणाबाईही दिसेनाशी झाली. धार मात्र पहिल्यापेक्षा मोठी झाली होती.

आणि मग एका दुपारी, नुसतं बसलेलं असताना, त्याच्या डोक्यात लख्ख पडलं की हा नाला कशासाठी बांधला आहे.

तो काझीसाहेबांकडं गेला. काझीसाहेब त्याचे वरिष्ठ, भला माणूस. त्यानं सांगितलं, नाल्यात दोष आहे, पाणी सोडण्याजोगा नाही, यंदा वरचं तोंड बंद ठेवावं.

"गिरिधरराव," काझीसाहेब म्हणाले, "अख्खं गाव आसमानाकडं बघून राह्यलंय. आमच्या ईदगाहवर पावसाची नमाज होऊन राह्यली, तुमच्या मारुतीला पाण्यात कोंडलंय. आणि अल्लाच्या मेहेरबानीनं पाऊस आला तर तुम्ही म्हणता नाला बंद? दोष दाखवा, मी येतो."

दोष काय दाखवणार? गिरिधर परत आला. साऱ्या जालन्यात तेव्हा तो एकटाच असा होता, की ढग बघून पाऊस नको म्हणायचा. ढग यायचे आणि जायचे. लोक उसासे टाकायचे आणि हा चोरट्यासारखा सुस्कारा सोडायचा.

दुष्काळासाठी म्हणून बाहेरून मागवलेली ज्वारी नव्या मोंढ्याच्या ओट्यांवर थप्प्या लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वाटप व्हायचं होतं. अंबडकडची, वडीगोद्रीकडची माणसं पोतडी घेऊन आदल्या दिवसापासूनच रस्त्याच्या कडेला बसली होती. त्या दुपारी हस्ताचा पाऊस आला.

आला तो फुटल्यासारखा. गिरिधर भिजत वरच्या तोंडाशी पोचला. तिथं खाचांत घालायच्या लाकडी फळ्या ठेवलेल्या असत. त्यानं एकट्यानं त्या एकावर एक खाली सारल्या. पाणी अडलं, फुगलं आणि मोंढ्यात पसरायला लागलं. ओट्यांच्या पायऱ्या बुडाल्या. हमाल खालच्या थप्प्या वर टाकायला धावले. रखमाजी पाण्यातून येऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"साहेब, फळ्या काढा. ज्वारी भिजून राह्यली."

"रखमाजी, आत माणसं आहेत."

रखमाजीनं नाल्याकडं बघितलं. आत कोण आहे हे त्यानं विचारलं नाही.

"असतील," तो म्हणाला. "पण ही बाहीर हाईत, त्यायचं काय?"

रस्त्याच्या कडेची माणसं उठून जवळ आली होती. पोतडी डोक्यावर घेऊन पावसात उभी होती. कोणी ओरडत नव्हतं, कोणी हात उगारत नव्हतं. बरगड्या दिसणारी माणसं, नुसती उभी, ज्वारीकडं बघत. पाणी ओट्याच्या काठाला लागलं.

पहिली फळी गिरिधरनं स्वतः उपसली. बाकीच्या पाण्यानंच नेल्या.

लोंढा आत शिरला तसा तो नाल्याच्या कमानीवर पालथा पडला आणि त्यानं दगडाला कान लावला. तो किंकाळीची वाट बघत होता. किंकाळी आली नाही. पाण्याच्या घोंघाटाखाली फक्त भांडी उचलल्याचा आवाज होता. खूप घरांतली, खूप भांडी, घाईघाईनं उचलल्याचा.

७

कडूसं पडता पडता, दिवेलागणीच्या वेळी पाऊस थांबला. ज्वारी वाचली. लोक गिरिधरच्या पाया पडायला आले. त्यांच्यातून वाट काढून तो घरी निघाला. आपल्याला रडू का येत नाही, याचं त्याला राहून राहून नवल वाटत होतं.

घरात दिवा लागलेला होता.

उमा चुलीपुढं बसून लाकडं फुंकत होती. केस ओले, लुगडं ओलं. लाकडं पेटत नव्हती.

"पाणी आलं हो घरात," ती म्हणाली. "म्हणून आले निघून."

त्यानं तिच्यापुढं बसून तिचे दोन्ही हात धरले. गार होते. त्यानं ते चोळले, आपल्या गळ्याशी धरले. खूप वेळ धरले. आता त्याला रडू आलं. ती त्याच्याकडं जराशी संकोचून बघत होती. त्याच्या मनाविरुद्ध काही मागायचं असलं की ती अशी बघायची.

"तुम्ही रागवाल म्हणून मी आधी बोलले नाही," ती म्हणाली. "मी एकटी नाही आले. सगळ्यांना घेऊन आले. कुठं जातील बिचारे?"

माजघराचं दार लोटलेलं होतं. दाराखालून पाण्याची एक पातळ रेघ बाहेर येत होती.

तो उठला. दार त्यानं बोटानं ढकललं, एक वीत. आत अंधार होता. सरकारी क्वार्टरचं माजघर ते, दोन खाटा टाकल्या की भरणारं. चुलीशी एक ढलपी पेटली आणि त्या उजेडात भिंतीला लागून ओळीनं बसलेल्यांची पावलं तेवढी दिसली. भिजून पांढरी पडलेली, सुरकुतलेली. एका ओळीमागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. जिथं भिंत असायला हवी त्याच्याही मागं.

"जावईबापू," अंधारातून सगुणाबाईचा आवाज आला, "दोन दिवसांची गोष्ट. पाणी वसरलं की जाऊ."

त्यानं दार ओढून घेतलं.

८

नाल्यातलं पाणी दुसऱ्या दिवशीच ओसरलं. कोणी गेलं नाही.

खालचं तोंड आता खडखडीत कोरडं असे. काझीसाहेब पाहणी करून गेले, काम अव्वल म्हणाले. गिरिधर कचेरीत जाई, मोजमापं घेई, बोलण्यासारखं बोले. घरी आला की ओट्यावरच बसे. उमा ताट तिथंच आणून देई. स्वयंपाक छान असायचा. फक्त घास कधी गरम लागला नाही. तिचे हातही पुन्हा गरम झाले नाहीत. रात्री ती त्याच्याजवळ येऊन निजे आणि उजाडायच्या आधी उठून माजघरात जाई. आत कोणीतरी तिला हळू आवाजात काहीबाही सांगत असे. कधी ती खुदकन हसे. तिचं ते हसू लग्नानंतर त्यानं ऐकलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला काझीसाहेब एकदा घराकडं आले. आत आले नाहीत; मागच्या बाजूला उभे राहून न्हाणीच्या मोरीकडं बघत राहिले. मोरीतून पाणी धो धो वाहत होतं. परसात चिखल झाला होता, त्यात शेवाळ धरलं होतं. क्वार्टरच्या विहिरीला हस्तानंतरही गुडघाभर पाणी नव्हतं.

"घरात माणसं किती आहेत, गिरिधरराव?"

"दोघंच, साहेब."

काझीसाहेबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली, वाढलेली दाढी बघितली. माजघराच्या बंद खिडकीकडंही त्यांनी एकदा बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"तुम्ही इथून निघा," ते हळूच म्हणाले. "मी वर बोलतो. जल्दी करतो."

त्यांनी शब्द पाळला. परभणीचा हुकूम आला तेव्हा कितीतरी दिवसांनी गिरिधर घराकडं भरभर चालत गेला. परभणी लांब होती. तिथं ना ही नदी, ना हा मोंढा. घर बदललं, गाव बदललं की माणूसही बदलेल. तिच्या हातांत ऊब येईल. बाकीच्यांचा काय संबंध? त्यांचं जे होतं ते इथं होतं. असं तो मनाशी जुळवत गेला, आणि घर येईपर्यंत त्याचा त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता.

उमा दारातच तांदूळ निवडत होती. त्यानं सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली, मग सूप बाजूला ठेवून उठली आणि माजघराच्या दाराशी जाऊन आतल्यांशी काही बोलली. उत्तर आलं ते तिनं ऐकून घेतलं, मान हलवली.

"बरं झालं," परत येऊन ती म्हणाली. "इथं फारच दाटी होत होती. सामानाला गाड्या किती सांगितल्या?"

"एक पुरेल ना?" तो म्हणाला. "दोघांचं सामान ते किती?"

उमा नुसतं हसली, अडाण्याच्या बोलण्याला हसावं तशी.

"एकीत कसे मावतील हो सगळे? दहा-बारा तरी सांगा."

आणि माजघरात बोचकी बांधायला लागल्याचा आवाज सुरू झाला.